छपरावर टिकलेला बर्फ

पहिला बर्फ पडला की इथली माणसं मुलांचे फोटो पाठवतात. लाल टोपी, गाजराचं नाक लावलेला बर्फाचा बाहुला, सगळं ठरलेलं. मी मात्र सकाळी पायात बूट कोंबून रस्त्यापलीकडे जाते आणि आमच्या घराच्या छपराचा फोटो काढते. नवरा खिडकीतून हात हलवतो, त्याला वाटतं त्याचाच काढतेय. फोटो मावशींना जातो. उत्तर यायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो, कारण त्या फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा बघतात. मग फोनवर दोन शब्द येतात: "ताप नाही." त्या दिवशी मला घरात जरा जास्तच ऊब वाटते.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, तळ्याकाठच्या एका गावात मी पीएच.डी. करायला गेले, तेव्हा त्यांच्या घरातली बेसमेंटची खोली मी भाड्याने घेतली होती. मूळच्या अलिबागच्या. भूलतज्ज्ञ, म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटला झोपवणाऱ्या डॉक्टर. गावातल्या हॉस्पिटलात उभं आयुष्य काढून त्या रिटायर झाल्या होत्या. काका, त्यांचे यजमान, मी यायच्या आधीच गेले होते. मुलगा टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, सॉफ्टवेअरमध्ये. घर एकमजली, पसरट, आणि त्यात मावशी एकट्या. पण एकटं राहणाऱ्या माणसाचा आवाज हळूहळू लहान होतो म्हणतात, तसलं त्यांच्या बाबतीत काही झालेलं नव्हतं. त्या वरून हाक मारायच्या आणि माझ्या खोलीतला हीटर हादरायचा.

जगातल्या सगळ्या गोष्टींकडे त्या ऑपरेशन थिएटरमधून बघायच्या. भाजी शिजत असली तर "अजून शुद्धीवर आहे" म्हणायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणी फार वेळ बोललं की शेजारच्या बाईच्या कानात सांगायच्या, "यांना भूलतज्ज्ञाची गरज नाही, हे स्वतःच देतात." माझा प्रबंध अडला, मी दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागले, तेव्हा त्या रोज सकाळी माझ्या दारावर पळीने ठोकायच्या. "अगं, झोपवता कुणालाही येतं. उठवणं हे खरं काम. माझ्या हातून न उठलेला पेशंट नाही, तू पहिली होऊ नकोस." मी उठायचे. नाइलाजाने का होईना, प्रबंधही उठला.

सर्जन लोकांबद्दल त्यांची मतं पक्की होती. आयुष्यभर त्या सर्जनच्या समोर, पेशंटच्या उशाशी उभ्या राहिल्या होत्या. "ज्याला आल्याआल्या कापायचं असतं त्याच्यापासून पेशंटला लांब ठेवायचं," त्या म्हणायच्या. "चांगल्या सर्जनला विचार की तू काय करणार नाहीस. त्याच्याकडे उत्तर असतं. वाईटाला वाटतं, मी सगळंच करतो."

आणि दुसरा नियम, घरावर चढणाऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर. चिमणी साफ करणारा असो, केबलवाला असो, दिवाळीला दिव्यांच्या माळा लावायला आलेला मंडळातला कुणी हौशी असो, शिडीला हात लावण्याआधी त्याला किचनच्या खुर्चीत बसून बाही वर करावी लागायची. मावशी पट्टा बांधायच्या, फुगवायच्या, आणि ओठ मिटून काट्याकडे बघत राहायच्या. "क्लिअर," असं त्यांनी म्हटल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. अमेरिकन माणसं बिचारी आधी हसायची, मग गप्प बसून हात पुढे करायची. डॉक्टरपुढे माणूस कुठल्याही देशाचा असला तरी सारखाच वागतो.

पण त्यांचा खरा छंद बर्फ पडल्यावर सुरू व्हायचा. काकांचा जुना लांब कोट घालून, काकांच्याच स्कीच्या काठ्या टेकत त्या रस्त्यावर राउंड घ्यायला निघायच्या. प्रत्येक घरासमोर थांबायचं, छपराकडे बघायचं, निदान सांगायचं.

"हे बघ, याला ताप आहे."

मला कळायचंच नाही. ते घर तर किती छान दिसायचं! बाकीच्यांच्या छपरांवर बर्फाची गादी, आणि याचं छपर कोरडं, कडेला बर्फाचे सुंदर लांबलचक सुळे लोंबताहेत. मी नागपूरची, मला बर्फ नसलेलं सगळंच निरोगी वाटायचं.

"उलटं आहे," मावशी म्हणायच्या. "घराची ऊब घरात राहायला पाहिजे. ती निसटून छपरापर्यंत गेली की वरचा बर्फ खालून वितळतो. पाणी कडेपर्यंत जातं, तिथे थंडीत परत गोठतं, बांध घातल्यासारखं अडतं, आणि मागे सरून घरात शिरतं. चांगल्या छपरावर बर्फ टिकतो. बर्फ टिकला म्हणजे ताप नाही."

मग त्या त्या घराची बेल वाजवून मालकाला हे सांगायच्याही. सुरुवातीला लोक दचकायचे. पुढे पुढे मंडळातली माणसं रूफर, म्हणजे छपराची कामं करणारा, शोधताना पहिला फोन मावशींना करायला लागली. "मावशी, छपर बदलायला सांगतोय, तुम्ही एकदा त्याला बघाल का?" पूर्वी मुलगा बघायला जायचे तशा मावशी रूफर बघायला जायच्या. इन्शुरन्सचा कागद आधी, कारण पडला तर कोण बघणार? मग नेहमीचा प्रश्न, काय करणार नाहीस. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: "काही हिवाळे काढलेलं, तुझ्या हातचं एक छपर दाखव. बर्फ पडलेला असताना दाखव." तिथे काठ्या टेकत जाऊन बघून यायच्या.

अख्ख्या गल्लीला ताप तपासणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या छपरावर, स्वयंपाकघराच्या वर, दर हिवाळ्यात एक टक्कल पडायचं. बाकी सगळं पांढरं आणि तेवढाच काळा चौकोन. मी एकदा धीर करून विचारलं.

"ते स्वयंपाकघर आहे गं. तिथे ऊब असणारच. आणि तिथे काकांचा फॅन आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडे वळल्या. विषय संपला.

काकांचा फॅन हे प्रकरण मला त्यांनी बऱ्याच वेळा सांगितलं होतं, आणि दर वेळी तितक्याच आवडीने. काका पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर, अंड्याचाही विटाळ असलेल्या घरातले. मावशींना आठवड्यातून एकदा सुकट लागायची. न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून, देशी दुकानांच्या त्या गावाहून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून ती यायची, डब्यात डबा, त्यात पुन्हा डबा. या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात खिडक्या बंद, आणि काकांच्या ऑफिसच्या कोटाला सुकटीचा वास. कुणीतरी ऑफिसात काहीतरी बोललं असावं. दुसरा कुणी नवरा असता तर म्हणाला असता, हे बंद कर. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी हॉटेलात लावतात तसला एक दांडगा एक्झॉस्ट फॅन आणला, सुट्टीच्या दिवशी छत उघडलं, आणि स्वतःच्या हातांनी बसवला. तो सुरू केला की स्वयंपाकघराचे पडदे आत ओढले जायचे आणि एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. "सुकट त्यांनी कधी तोंडात घातली नाही," मावशी म्हणायच्या, "पण मला कधी चोरून खावी लागली नाही."

मग त्या फेब्रुवारीत छपर गळायला लागलं.

बरेच दिवस कडाक्याची थंडी होती आणि नंतर एका दुपारी लख्ख ऊन पडलं. आम्ही दोघी जेवत होतो. टप्प असा आवाज झाला आणि मावशींच्या वरणात वरून एक थेंब पडला. दोघींनी वर बघितलं. छताला पिवळट डाग, आणि त्यातून दुसरा थेंब तयार होत होता. गंमत म्हणजे बर्फ पडत असताना काही नाही, आणि ऊन आलं की गळती. आम्ही टेबल सरकवलं, खाली पातेलं ठेवलं. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मावशी फोन तोंडाजवळ धरून मोठमोठ्याने मंडळाच्या बातम्या सांगत होत्या, पण पातेल्याने दगा दिला.

"आई, व्हॉट इज दॅट साउंड?"

"कुठे काय."

"आई, इट्स ड्रिपिंग. रूफ लीक होतंय का? ओह माय गॉड, तू तिथे एकटी आहेस, यू जस्ट गॉट अ न्यू हिप! हे बघ, आता इनफ झालं. घर सेल करू. इथे तुझी रूम रेडी आहे, आई. इथे स्नो नाही, काही नाही."

पोरगा वाईट नव्हता, हे मी सांगते. आईच्या खुब्याचा सांधा नुकताच बदलला होता, काळजीनेच बोलत होता. आधी दोन वर्षं त्याने हेच लाडीगोडीने सांगून पाहिलं होतं. पण त्या दिवशी तो हट्टाला पेटला आणि मावशीही त्याच्याच आई. शेवटी त्या म्हणाल्या, "मी छपर दुरुस्त करून घेते. पुढच्या हिवाळ्यात एक थेंब पडला तर मी येते. घर विक."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

फोन ठेवल्यावर त्यांनी पातेलं डागाखाली नीट सरकवलं. मी म्हटलं, "मावशी, फ्रिस्को छान आहे म्हणतात. आपली किती माणसं आहेत तिथे."

"छान आहे. मी राहून आलेय," त्या म्हणाल्या. "खोलीला स्वतंत्र बाथरूम आहे, सून प्रेमळ आहे. पण तिथे मला काही काम नाही गं. सगळे माझी काळजी घेतात. दिवसभर मी त्यांना काळजी घेऊ देते." मग हळू आवाजात, त्यांना न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "मला इथेच राहायचंय."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली. मी पातेलं रिकामं करायला उठले.

रूफर बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पहिला आपणहून दारात आला. वादळी वारा येऊन गेला की असे लोक गल्लीत फिरायला लागतात, गाडीची नंबरप्लेट भलत्याच राज्याची. त्याच्या हातात करारपत्र तयार होतं, आजच सही केली तर खास सवलत. मावशींनी विचारलं, "तू काय करणार नाहीस?" तो खुशीत म्हणाला, "मॅम, आम्ही सगळं करतो!" दार बंद. दुसरा ट्रकमधून खालीच उतरला नाही. त्याने ड्रोन उडवला, टॅब्लेटवर फोटो दाखवले, आणि पूर्ण छपर काढावं लागेल म्हणाला. "पेशंटला हात न लावता निदान," मावशी मला मराठीत म्हणाल्या. तिसरा सभ्य होता, कागदपत्रं चोख होती, पण ब्लडप्रेशरचा पट्टा बघून त्याने बाही वर करायला साफ नकार दिला आणि निघून गेला. मी वैतागले. "मावशी, असं केलं तर कुणीच मिळणार नाही. मार्च संपत आला." त्या म्हणाल्या, "न मिळालेला सर्जन चालतो. चुकीचा चालत नाही."

चौथ्याने केलेलं एक छपर त्या आधी बघून आल्या होत्या. दोन गल्ल्या पलीकडचं घर, त्यावर बर्फाची अखंड गादी. "ताप नाही," असं म्हणत त्या खूश होऊन परतल्या आणि त्याला बोलावलं. तो आला तो बोलतच आला. दारात मावेल न मावेल असा धिप्पाड माणूस, लालबुंद चेहरा, आजोबांपासून रूफरचं घराणं. गावातली निम्मी छपरं आपलीच असल्याचं त्याने बूट काढता काढता सांगितलं. मावशींनी प्रश्न विचारला.

"काय करणार नाही?" त्याने डोकं खाजवलं. "वर बर्फ असताना फावडं मारणार नाही, छपरावरच्या चकत्या, शिंगल्स, फुटतात. आणि कुठून गळतंय ते कळल्याशिवाय काहीही उपटणार नाही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. पसंत! पण पट्टा अजून बाकी होता. त्याने हसत हसत बाही वर केली, पट्टा त्या दंडाला जेमतेम पुरला. मावशींनी काटा बघितला. दुसऱ्या हाताला बांधून परत बघितला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तू आज माझ्या छपरावर चढणार नाहीस."

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

"मॅम, मी रोज चढतो."

"म्हणूनच सांगतेय. शेवटचं कधी तपासलं होतंस? ... मला वाटलंच. इथे बस. पाणी पी. उद्या डॉक्टरकडे जायचं, मी फोन करून ठेवते."

एवढा मोठा माणूस, खुर्चीत बसून पाणी प्यायला.  मग त्याने छतावरच्या डागाकडे बघून म्हटलं, "आता आलोच आहे तर निदान ॲटिकमध्ये तरी डोकावू का? ती शिडी घरातलीच आहे."

 माळा हे काकांचं खातं होतं. काका गेल्यापासून त्या वर गेल्या नव्हत्या. भारतातून आलेल्या बॅगा मंडळातली पोरं वर ढकलून यायची, तेवढंच. "हळू जा," त्या अखेर म्हणाल्या. "पडलास तर माझ्या डोळ्यांसमोर पड."

त्याने पॅसेजमधली घडीची शिडी खाली ओढली आणि कमरेपर्यंत वर गेला. बॅटरी फिरवली. आल्यापासून पहिल्यांदाच तो गप्प होता. मग वरून आवाज आला, "डॉक, इथे वर कुणी राहतं का? मला स्वयंपाकाचा वास येतोय."

मावशींनी खुंटीवरचा काकांचा कोट चढवला आणि शिडीला हात घातला. मी म्हटलं, "मावशी, तुमचं हिप!" त्यांनी ऐकलं नाही. वरून त्याने हात दिला, खालून मी आधार दिला, आणि नव्या सांध्याची ती बाई माळ्यावर पोचली. मागोमाग मी.

छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला बर्फाचा मणी होता. सगळा माळा बॅटरीच्या उजेडात चमकत होता. कडेला, जिथून बाहेरची हवा आत यायला फटी असतात तिथे, बॅगांची आणि मंडळाच्या गणपतीच्या थर्माकोलच्या मखराची भिंत झाली होती. आणि मधोमध, स्वयंपाकघराच्या बरोबर वर, पत्र्याचा एक जाड पाइप जमिनीतून उगवून उभा होता. तो छपरापर्यंत पोचलेलाच नव्हता. फळ्यांच्या खाली हातभर अंतरावर तो उघड्या तोंडाने थांबला होता आणि त्याच्यावरच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या.

मावशी पुढे झाल्या. नाक वर केलं. भूल देणाऱ्या बाईचं ते नाक.

"लसूण," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "आणि सुकट."

मग रूफरने सांगायच्या आधीच त्या बोलायला लागल्या, इंग्रजीत आणि मराठीत एकदमच. रोजची वाफ वर येतेय, कडेच्या फटी आता बॅगांनी बुजल्यात म्हणून बाहेर जायला वाट नाही, थंडीत ती खिळ्यांवर गोठतेय, आणि ऊन पडलं की सगळं एकदम वितळून खाली येतंय. छपर बाहेरून गळतच नव्हतं, आतच पाऊस पडत होता. रूफर मान डोलावत राहिला. "एवढ्या फळ्या बदलायच्या, ही बाजू नवी करायची, पाइप छपरातून बाहेर काढायचा," तो म्हणाला. "दुसरी बाजू अजून कितीतरी वर्षं जाईल. आणि या बॅगा इथून हलवा."

मावशी एका बॅगेवर बसल्या.

"वसंतात करू म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ऐन थंडीत छपराला भोक कसं पाडायचं? म्हणून पाइप इथवर आणून ठेवला. बर्फ गेला की बाहेर काढतो म्हणाले." त्या पाइपाकडे बघत होत्या. "आणि त्या वसंतात आमचा मुलगा झाला. मग कुठलं काय. राहूनच गेलं."

त्या हसायला लागल्या. हसता हसता काकांच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले, परत हसल्या. "आयुष्यभर सुकटीला नाक मुरडणारा माणूस, आणि सगळी सुकट इथे साठवून गेला!" मी त्यांना रडताना बघितलं ते एवढंच. तो धिप्पाड रूफर हातात टोपी घेऊन उभा होता, त्याला मराठी कळत नव्हतं, पण मध्ये बोलू नये एवढं कळत होतं.

काम त्यालाच मिळालं, पण अटीवर. आधी डॉक्टर, मग छपर. त्याने कुरकुर केली, मावशींनी दर आठवड्याला फोन करून जीव खाल्ला, आणि बर्फ सरल्यावर तो आला तेव्हा शर्टाच्या खिशात गोळ्यांची डबी होती. ती त्याने शाळेतल्या मुलासारखी काढून दाखवली. रोज सकाळी त्याची सगळी माणसं ड्राइव्हवेवर रांग लावून बाही वर करायची. वर काळ्या फळ्या निघाल्या तेव्हा माळ्यावरून आभाळ दिसायला लागलं. बॅगा आणि गणपतीचं मखर माझ्या खोलीत आली, म्हणून उरलेलं शिक्षण मी मखरात बसून पूर्ण केलं असं मावशी सगळ्यांना सांगायच्या. पाइप छपराबाहेर निघाला त्या दिवशी त्यांनी मुद्दाम सुकट केली. फॅन लावला आणि अख्ख्या गल्लीला कळलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने येऊन कसला वास म्हणून विचारलं. त्याला वाटीभर देण्यात आली आणि त्याने ती संपवली, हे मी स्वतः पाहिलंय.

पण हिवाळा यायचा होता. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या सकाळी मावशी घरातून बाहेर पडेनात. कोट घातला, काढला. गल्लीला राउंड नाही, काही नाही.

"चला ना, बघू या," मी म्हटलं.

"तू जा. पेशंट आपला असला की दुसऱ्याने तपासायचं."

मी रस्त्यापलीकडे जाऊन वळून बघितलं. सगळं छपर पांढरं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. स्वयंपाकघराच्या वरचं टक्कल नव्हतं. त्या पांढऱ्यातून फक्त एक आखूड पाइप डोकं काढून उभा होता. मी धावत आत आले आणि दारातूनच ओरडले, "ताप नाही!" मावशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

खरी परीक्षा फेब्रुवारीत. ऊन पडायच्या सुमारास मुलगा स्वतःच आला, बघायला. पायात टेक्सासचे पातळ बूट. लख्ख ऊन होतं. तो जेवणाच्या टेबलाशी, पूर्वीच्या डागाखाली, मान वर करून बसला. मावशींनी त्याच्यासमोर पातेलंही आणून ठेवलं, खोडी काढायला. मग त्यांनी फॅन लावून फोडणी टाकली. दुपार झाली, ऊन कलायला लागलं. पातेलं कोरडं होतं.

त्यांनी त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. मी मागे. छपरावर बर्फ आणि पाइपातून निघणारी पांढरी वाफ, आणि सगळीकडे लसणाचा वास. त्यांनी त्याला सांगितलं, माळ्यावर काय सापडलं ते, आणि वसंतात करू म्हणाले होते तेही.

तो पाइपाकडे बघत राहिला. "सो बाबांनी ते फिनिश केलं नाही, बिकॉज ऑफ मी?"

"अरे, तू आलास," मावशी म्हणाल्या. "पाइप काय, थांबला."

 त्याचे बूट ओले झाले होते, नाक लाल झालं होतं. मग त्याने आईच्या खांद्यावर हात टाकला. "ओके, आई. यू स्टे. पण ॲटिकमध्ये चढायचं नाही, प्रॉमिस?" मावशींनी प्रॉमिस केलं. ते त्यांनी पाळलं की नाही, मी विचारलेलं नाही.

आज मावशी त्याच घरात आहेत. माझं लग्न झालं, नोकरीसाठी मी दुसऱ्या गावी आले, तेही बर्फाचंच. आमचं छपर करायची वेळ आली तेव्हा मी इन्शुरन्सचा कागद बघितला, प्रश्न विचारला, आणि शिडी लावण्याआधी पट्टाही काढला. नवरा लाजून बेसमेंटमध्ये जाऊन बसला. रूफरने मात्र निमूट बाही वर केली.

गेल्या हिवाळ्यात नवल झालं. फ्रिस्कोला बर्फ पडला. मुलाने हौसेने घराचा फोटो आईला पाठवला, कौतुक करून घ्यायला. मावशींचं उत्तर आलं: "डाव्या बाजूला ताप आहे. येते." आणि खरंच गेल्या. जाताना पर्समध्ये पट्टा आणि परतीचं तिकीट. "कन्सल्टेशन आहे, राहायला नाही चालले," त्यांनी मला एअरपोर्टवरून फोनवर बजावलं.

मी विचारलं, "आणि तुमच्या छपराकडे कोण बघणार?"

"आहे माझा माणूस," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला एक फोटो पुढे पाठवला. त्यांचं घर, सगळ्या छपरावर बर्फ, मध्ये तो पाइप. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा मोठ्ठा अंगठा आला होता. खाली त्या धिप्पाड रूफरने लिहिलं होतं: "नो फीवर, डॉक. गोळी घेतली."